मला न उघडलेलं कुलूप

“काका, मतं अडकलीत. चला लवकर.”

निवडणूक कचेरीचा शिपाई दुकानाच्या पायरीवर उभा राहून हे म्हणाला, तेव्हा माझ्या हातात कुणाच्या तरी सुटकेसची किल्ली होती आणि ओठांत दोन स्क्रू. ओठांत स्क्रू असले की माणसाला प्रश्न विचारता येत नाहीत. मी नुसत्या भुवया वर केल्या.

“मतपेटीचं कुलूप उघडेना. साहेबांनी जोर लावून चावी फिरवली, तर मोडलीच. अर्धी साहेबांच्या हातात, अर्धी कुलपात. आता दोन्हीकडची माणसं साहेबांवर ओरडतायत आणि साहेब माझ्यावर. तुमची हत्यारं घ्या आणि चला.”

मी स्क्रू काढले. “अरे, मतमोजणीच्या ठिकाणी हत्यारं म्हणू नकोस. अवजारं म्हण. नाहीतर दोघंही आत जाऊ.”

पत्र्याची पेटी उचलली, शटर अर्धं ओढलं आणि निघालो. छाती जरा पुढे आली होती, खोटं कशाला बोलू. चौतीस वर्षं मी कुलपं दुरुस्त करतोय. लोक मला बोलावतात ते किल्ली आत विसरून स्वतः बाहेर राहिले की. दार उघडेपर्यंत मी देव, उघडल्यावर “दोन मिनिटांचं तर काम होतं” असं म्हणणारे पुष्कळ. आज सरकारच बाहेर अडकलं होतं. अशी गिऱ्हाइकं रोज येत नाहीत.

महिनाभर गावात निवडणुकीखेरीज विषय नव्हता. उमेदवारांना नावं होती, पण ती फक्त त्यांच्या बायकामुलांना ठाऊक. बाकी सगळे त्यांना निशाणीनेच ओळखायचे. शिडी म्हणजे दोन वेळा निवडून आलेले सिमेंटवाले. बादली म्हणजे सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्सबाई; अर्धं गाव त्यांच्या हातांत जन्मलेलं, त्यामुळे मतं मागताना त्या लोकांना दटावायच्या. दोघंही माझ्या दुकानात येऊन गेले. “सत्तेची किल्ली तुमच्या हातात आहे,” असं दोघांनीही मला सांगितलं. माझ्या हातात रोज पन्नास किल्ल्या असतात. त्यातली सत्तेची कोणती, ते काही कुणी सांगितलं नाही.

घरी म्हणाल तर मी शिडीवाला आणि बायको बादलीवाली. लग्न झाल्यापासून एकाही निवडणुकीत आमचं एकमत झालेलं नाही. एकदा मी तिला म्हटलं, “अगं, माझं एक तिकडे, तुझं एक इकडे. फिटंफाट. ऊन केवढं आहे, दोघंही घरीच बसू.” ती म्हणाली, “खरंच. तुम्ही बसा. मी जाऊन येते.”

तर असा मी ऐटीत चाललो होतो, पण मनात एक गोष्ट टोचतही होती. ती म्हणजे मी दिलेला शब्द.

तीन महिन्यांपूर्वीची गोष्ट. माझी मुलगी शाळेत शिक्षिका आहे, गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. रविवारी जेवायला आली असताना तिने माझा पेला धरलेला हात पाहिला. माझ्या उजव्या हाताचा अंगठा वर्षभरापासून थरथरतो. फार नाही, भाजीवाल्याच्या लक्षात येणार नाही, पण किल्लीच्या लक्षात येतं. “बाबा, आता पुरे,” ती म्हणाली. “दुकान बंद करा आणि दोघंही आमच्याकडे राहायला चला.” मला राग आला. रागात माणूस मोठं बोलतो. मी ताटावरून उठलो आणि म्हणालो, “ज्या दिवशी एखादं कुलूप मला उघडणार नाही, त्या दिवशी शटर खाली. शब्द दिला.” बायको म्हणाली, “आधी जेवण संपवा, मग शब्द द्या.” पण शब्द गेला तो गेला.

त्यानंतर मी काय करू लागलो, ते सांगायला लाज वाटते. अवघड कुलूप आलं की मी मान हलवून म्हणायचो, “हे टाकून द्या हो, नवीन घ्या.” तीन महिन्यांत एकाही कुलपाने मला हरवलं नव्हतं, कारण मी खेळतच नव्हतो.

आणि आज ज्या शाळेत मतमोजणी होती, तिथेच माझ्या मुलीची ड्यूटी लागलेली.

शाळेच्या सभागृहात पोचलो तर तिथे लग्नघराएवढी माणसं आणि भांडणघराएवढा आवाज. एका बाजूला दहा टेबलं, प्रत्येकावर एक लोखंडी मतपेटी, मागे मोजणारे शिक्षक. सातव्या टेबलामागे माझी मुलगी. मला पाहून तिने मान हलवली नाही की हसली नाही. समोरच्या पेटीच्या कुलपावर तळहात सपाट ठेवून ती ताठ बसली होती. वर्गातल्या वात्रट मुलाच्या डोक्यावर हात ठेवून बसते, अगदी तशी. मला वाटलं, तिला माझी काळजी लागली असणार.

तीन पेट्या उघडून झाल्या होत्या. अडली होती ती चौथी. तिच्यावरची कागदाची सीलं सगळ्यांसमोर तपासून, त्यांवरच्या सह्या जुळवून मग काढली होती. त्याबद्दल कुणाचं काही म्हणणं नव्हतं. म्हणणं होतं ते माझ्याबद्दल.

“हे कुणाचे?” शिडीच्या प्रतिनिधीने विचारलं. औषधांच्या दुकानाचा मालक. गेल्याच आठवड्यात मी त्याच्या गल्ल्याचं कुलूप बदललं होतं, पण आज तो मला ओळखत नव्हता.

“कुणाचे म्हणजे?”

“म्हणजे कोणत्या बाजूचे? पेटीला हात लावणारा माणूस तटस्थ पाहिजे.”

“मी घरी अल्पमतात असतो,” मी म्हणालो. “बाहेर कुणाचाच नाही.”

साहेबांनी हे लिहून घेतलं की नाही माहीत नाही, पण काहीतरी लिहिलं. साहेब नवीन होते, तरुण होते, आणि त्यांच्या हातात अजून ती अर्धी किल्ली होती. ती कुठे ठेवावी, याचा नियम त्यांना सापडला नव्हता.

मग माझ्या अवजारांचा पंचनामा झाला. “वाकडी तार एक. जास्त वाकडी तार एक. कानस बारीक एक. स्क्रू ड्रायव्हर लाकडी मुठीचा एक. तेलाची बाटली एक.” तेलापाशी बादलीचे प्रतिनिधी उठले. हे शिकवण्या घेणारे गणिताचे मास्तर. “तेल चालणार नाही. थेंब आत गेला तर मतपत्रिका तेलकट होईल. तेलकट मत वैध की अवैध?” साहेबांनी जाड पुस्तक उघडलं. पाण्याने भिजलेल्या मताचा नियम होता, उंदराने कुरतडलेल्या मताचा नियम होता, तेलाचा नव्हता. सबब तेल जप्त.

एवढ्यावर भागलं नाही. दोन्ही बाजूंनी एकमुखाने मागणी केली की जे काय होईल ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. म्हणून कॅमेरा आणून माझ्या हातांपासून वीतभर अंतरावर लावला आणि त्याचं चित्र शाळेच्या मोठ्या पडद्यावर सोडलं. पडद्यावर कुलूप टेबलाएवढं दिसायला लागलं.

आणि तेव्हा मी ते कुलूप ओळखलं.

ओळखणारच. ते माझ्याच दुकानातलं होतं. चार वर्षांपूर्वी कचेरीने माझ्याकडून असली चाळीस कुलपं घेतली होती. जड, पितळी, दिसायला भारदस्त. ती देताना मी साहेबांच्या आधीच्या आधीच्या साहेबांना म्हणालो होतो, “डोळे मिटून लावा.”

इथे मला माझ्या छंदाबद्दल सांगावं लागेल. दिवसभर कुलपं दुरुस्त केल्यावर संध्याकाळी मी गॅलरीत बसून कुलपं उघडतो. भंगारवाल्याकडून किल्ली हरवलेली जुनी कुलपं आणतो, बिस्किटांच्या मोठ्या डब्यात ठेवतो आणि रोज एक काढून तारेने उघडतो. उघडलं की पुन्हा लावतो आणि डब्यात टाकतो. बायको शेजारी शब्दकोडं सोडवत बसते. ती म्हणते, “लोक कुलूप उघडतात ते आत काहीतरी असतं म्हणून. तुमच्या कुलपांच्या आत काय आहे?” काही नाही. म्हणूनच बरं वाटतं. दिवसा मी ज्याला घाई आहे त्याच्यासाठी उघडतो. संध्याकाळी कुणालाच घाई नसते. आत पिना एकेक करून वर जातात, शेवटची हळूच बसते, आणि कडी सुटते. त्या क्षणी मला जे वाटतं, ते मी कुणाला समजावू शकलेलो नाही.

दोन वर्षांपूर्वी अशाच एका संध्याकाळी मी हे पितळी कुलूप घेऊन बसलो होतो. अर्धा तास झाला, तार लागेना. बायको टेबल पुसायला आली, कुलूप उचलून तिने बाजूला आपटलं. टक्. उघडलं. मी परत लावलं. तिने परत आपटलं. परत उघडलं. मग मी नीट पाहिलं. कडीच्या मुळाशी, डाव्या खांद्यावर कठीण वस्तूने एक हलका ठोका दिला, की ते निमूटपणे उघडायचं. किल्ली नको, तार नको. बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवतं. “हे असलं विकता?” ती म्हणाली.

त्या रात्री जेवण गेलं नाही. गावात विकलेली असली कुलपं मी घरोघरी जाऊन बदलून दिली. “तेल घालायला नेतो” म्हणायचो आणि चांगलं आणून लावायचो. अकरा जमली, ती खणात टाकली. एक मात्र माझ्याच शटरला राहिलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. राहिली कचेरीची चाळीस. तिथे मी रीतसर अर्ज केला. पाच महिन्यांनी उत्तर आलं: “सदर कुलपे सद्यःस्थितीत बंद असून समाधानकारकरीत्या कार्यरत आहेत. सबब ती बदलण्याची आवश्यकता दिसून येत नाही.” मी तो कागद बायकोला दाखवला. ती म्हणाली, “बंद आहेत म्हणजे चालू आहेत. बरोबरच आहे त्यांचं.”

तेव्हापासून आजपर्यंत मी त्या चाळीस कुलपांचा विषय मनात कुलूप लावून ठेवला होता.

“काका, करा सुरू,” साहेब म्हणाले.

मी सुरू केलं. किल्लीचा तुकडा आत आडवा बसला होता. तो बाहेर काढायला बारीक तार त्याच्या बाजूने घालायची, हलकेच दाबायची आणि ओढायची. पाच वर्षांपूर्वी मी हे बोलता बोलता केलं असतं. तार आत गेली, तुकड्याला टेकली, आणि अंगठा थरथरला. तार निसटली. परत घातली. परत निसटली.

मी सहज मान वर केली आणि मोठ्या पडद्यावर मला माझा अंगठा दिसला. कलिंगडाएवढा. आणि तो थरथरत होता, असा की सभागृहाच्या मागच्या रांगेतल्या माणसालाही दिसावा. वर्षभर जो मी खिशात, रुमालाखाली, पेल्यामागे लपवला, तो अख्ख्या गावासमोर नाचत होता. कुणीतरी हसलं. कुणीतरी “श्शू” केलं. ते “श्शू” जास्त लागलं. मुलीकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

अर्धा तास गेला. चाळीस मिनिटं झाली. घामाने तार बुळबुळीत झाली. शिपायाने चहा आणला, तर चहाचाही थेंब आत जाईल म्हणून मास्तरांनी तो परत पाठवला.

उपाय माझ्या हातातच होता. पंचनाम्यात नोंदलेला, लाकडी मुठीचा स्क्रू ड्रायव्हर. डाव्या खांद्यावर एक ठोका, की कुलूप उघडं. टाळ्या पडल्या असत्या. दुकान राहिलं असतं. मुलीला म्हणता आलं असतं, बघ, तुझा बाप अजून आहे.

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. मूठ उलटी करून धरली. आणि समोर पाहिलं, तर मास्तर. त्यांचं नाक कुलपापासून वीतभरावर. हा माणूस चाळीस वर्षं मुलांच्या कॉप्या पकडत आला आहे. त्यांच्यामागे औषधवाला, त्याच्यामागे कॅमेरा, आणि पडद्यावर मी, ठोका द्यायला मूठ उगारलेला.

कुलूप ठोक्याने उघडलं की मास्तर आधी गप्प बसतील. मग म्हणतील, “पुन्हा लावा. आता मी ठोकतो.” त्यांनाही ते उघडेल. मग औषधवाला पाचव्या पेटीला ठोकेल, सहाव्या, सातव्या. सीलं शाबूत होती, एकाही मताला कुणी हात लावलेला नव्हता, हे मला माहीत होतं आणि त्या सगळ्यांनाही. पण हरणाऱ्या माणसाला सीलं दिसत नाहीत, त्याला कुलूपच दिसतं. मतदान रद्द झालं असतं. परत महिनाभर भोंगे, परत हात जोडलेले फोटो. तेही एक वेळ चालेल. पण आमच्या शेजारच्या आजीबाई काठी टेकत दोन तास रांगेत उभ्या होत्या. “पुढच्या वेळेला असेन की नाही, कोण जाणे,” असं म्हणत मत देऊन आल्या होत्या. त्यांचं मत याच चौथ्या पेटीत होतं. माझ्या दुकानासाठी मी ते बाद करणार होतो.

मी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. अगदी हळू ठेवला, उगाच धक्का लागू नये म्हणून.

“साहेब,” मी म्हणालो, “हे मला उघडत नाही.”

चौतीस वर्षांत हे वाक्य मी कधी बोललो नव्हतो. बोलल्यावर तोंडात कसलीतरी चव राहिली, गंजाची असावी.

“तुम्हाला उघडत नाही?” औषधवाल्याने विचारलं.

“नाही.”

“म्हणजे कमाल आहे कुलपाची,” मास्तर म्हणाले. त्या दिवशी दोन्ही बाजूंचं पहिल्यांदा एकमत झालं.

कापायचं ठरलं. शिपायाने करवत आणली. मी म्हणालो, “मी धरतो.” धरणं भागच होतं. करवतीच्या हादऱ्याने ते आपोआप उघडलं असतं तर केलं-सवरलं पाण्यात गेलं असतं. वीस मिनिटं शिपाई कापत होता आणि मी दोन्ही हातांनी ते कुलूप आवळून धरलं होतं. आयुष्यभर कुलपं उघडणारा मी, त्या दिवशी एक बंद राहावं म्हणून दातओठ खात होतो. दोन वेळा ते माझ्या मुठीत सुटायला बघत होतं. मी सुटू दिलं नाही.

कडी तुटली, मतं बाहेर आली, मोजणी पुढे सरकली. मी अवजारं गोळा करत असताना साहेब जवळ आले.

“काका, बरं झालं तुम्ही आलात. कुलूप काय भक्कम आहे हो! अशीच आणखी वीस मागवावी म्हणतो.”

मला दरदरून घाम फुटला. मग एकदम सुचलं.

“साहेब, जरा विचार करा. हे इतकं भक्कम आहे की मलाही उघडत नाही. उद्या परत चावी मोडली तर कोण उघडणार? दर निवडणुकीला करवत चालवणार का? त्यापेक्षा सगळी चाळीस बदलून साधी लावा. मी देतो बदलून, फुकट.”

साहेबांच्या चेहऱ्यावर उजेड पडला. “हे लेखी द्या,” ते म्हणाले. मी तिथेच लिहून दिलं. कुलूप वाईट आहे म्हणून केलेल्या अर्जाला पाच महिन्यांनी नकार आला होता. कुलूप फार चांगलं आहे म्हणून केलेला अर्ज पाच मिनिटांत मंजूर झाला.

चार वाजता निकाल लागला. बादली एकोणीस मतांनी आली. शिडीने दोनदा फेरमोजणी मागितली, मतपत्रिकांची शाई तपासली, एका शिक्षकाचा चष्मासुद्धा तपासला. पेट्यांबद्दल मात्र एक शब्द काढला नाही. औषधवाला स्वतःच सगळ्यांना सांगत होता, “पेट्यांचं सोडा. ती कुलपं तर काकांनाही उघडत नाहीत.”

मी दुकानावर परतलो तर पायरीवर सात-आठ माणसं उभी. मला वाटलं, सांत्वनाला आली असतील. शटर वर करून मी आत माझ्या जागेवर बसलो.

“काका, ते कुलूप द्या,” पहिला म्हणाला.

“कोणतं?”

“तेच हो, तुम्हालाही न उघडलेलं.”

“मला दोन,” मागून आवाज आला. “एक पुढच्या दाराला, एक मागच्या.”

माझ्या गुडघ्यापाशी खण होता आणि खणात अकरा कुलपं होती. चौतीस वर्षांत माझ्या दुकानापुढे एवढी गर्दी झाली नव्हती, आणि झाली ती मी हरलो म्हणून. मला हसू यायला लागलं. आवरेना. माणसं एकमेकांकडे बघू लागली.

“संपली,” मी म्हणालो.

“मग उद्या येऊ?”

“उद्या दुकान नाही.”

“परवा?”

“परवाही नाही. दुकान बंद केलं मी.”

त्यांना ते खरं वाटलं नाही. एक जण तर जाता जाता म्हणाला, “कुलूप चांगलं निघालं, आता भाव वाढवायला बघतायत.” मी कानस हातात घेतली. सुटकेसवाल्याची किल्ली पूर्ण केली. तेवढीच राहिली होती. किल्लीच्या दोन दातांना तीनदा कानस मारावी लागली. मग अवजारं पुसली, प्रत्येक आपल्या जागेवर टांगलं, दिवा घालवला आणि शटर खाली ओढलं.

कुलूप लावत होतो तेव्हा मुलगी आली. खांद्यावर पिशवी, हातात स्टीलची पाण्याची बाटली, बोटं शाईने माखलेली. ती पायरीवर बसली. मीही बसलो.

“बाबा, मला जिंकायचं नव्हतं,” ती म्हणाली.

“शब्द म्हणजे शब्द.”

“मी तेव्हा काळजीने बोलले होते.”

“आणि मी गुर्मीने. पण दिला तो दिला.”

समोरच्या भिंतीवरून एक माणूस शिडीचं पोस्टर सोलून काढत होता, आणि त्यासाठी तो शिडीवरच चढला होता. आम्ही दोघांनी ते पाहिलं, पण हसलो नाही.

“एक विचारू?” ती म्हणाली. “तुम्हाला ठाऊक होतं ना, ते ठोक्याने उघडतं?”

मी तिच्याकडे पाहिलं.

“सकाळी मी आमची पेटी टेबलावर जरा जोरात ठेवली,” ती म्हणाली, “तर टक् करून कुलूप उघडलं. सील होतं म्हणून कडी तेवढी वर आली नाही. माझ्या तर तोंडचं पाणीच पळालं. दाबून परत लावलं आणि वर हात ठेवून बसले. आमचा नंबर येईपर्यंत काढला नाही. पाण्यालासुद्धा उठले नाही.”

मला सकाळचा तो सपाट तळहात आठवला. अख्ख्या सभागृहात तेवढी एकच गोष्ट मी नीट पाहिली होती, आणि तीही मला कळली नव्हती.

“मग तुम्ही आलात. मला वाटत होतं, बाबा आता ठोकतील, आता ठोकतील. तुम्ही तो स्क्रू ड्रायव्हर उलटा धरलात ना, तेव्हा मी डोळे मिटून घेतले.”

“आणि ठोकलं असतं तर?”

“तर दुकान राहिलं असतं,” ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, “तुम्ही हरला नाहीत, बाबा. हे शब्दात मोडत नाही.”

किती सोपं होतं, हो म्हणणं. पण ती माझी मुलगी आहे, आणि लहानपणी गॅलरीत माझ्या मांडीवर बसून तिने कुलपं उघडताना ऐकलेली आहेत.

“मोडतं,” मी म्हणालो. “ठोका सोड. तारेने मला ते उघडत नव्हतं. चाळीस मिनिटं उघडत नव्हतं. दिवसभर बसलो असतो तरी उघडलं नसतं. हा अंगठा गेला, बाळ. सगळ्या गावाने तो पडद्यावर बघितला.” एवढं बोलून मी तो तिच्यापुढे धरला. वर्षभरात पहिल्यांदा मी तो कुणाला आपणहून दाखवला. तो नेहमीसारखा थरथरत होता.

तिने तो आपल्या शाईच्या मुठीत धरला. तिच्या मुठीत तो थांबला नाही, पण मला बरं वाटलं.

मग आम्ही उठलो. ती शटरकडे वळली आणि वाकून बघायला लागली.

“बाबा, हे पण तसलंच?”

“तसलंच. बदलायचं राहिलं.”

तिने स्टीलच्या बाटलीचा तळ कुलपाच्या डाव्या खांद्यावर हलकेच मारला. टक्. कडी वर आली. आम्ही दोघांनी चोरांसारखं रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहिलं. तिने कडी दाबून परत लावली, आणि तिच्यावर तळहात ठेवून क्षणभर तशीच उभी राहिली.

“चला, बाबा,” ती म्हणाली. “कुणी बघितलं नाही.”